लंडनचं १०, किंग हेन्रीज रोड: बाबासाहेबांच्या आधी आणि नंतर त्या घरात काय काय झालं?

नागपूरची_पोर:
नमस्कार मंडळी, जूनमध्ये बाबांना घेऊन लंडनला जायचं ठरतंय. बाबांची लिस्ट एका ओळीची आहे, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघायचं, बाकी तू दाखवशील ते. आता त्यांना नुसतं "हे घर, हा फोटो" एवढ्याने होत नाही, ते चाळीस वर्षं शिक्षक होते त्यामुळे प्रश्न सुरू झालेत. घर कोणी बांधलं, बाबासाहेबांनी पूर्ण घर घेतलं होतं की एक खोली, ते गेल्यावर इतकी वर्षं तिथे कोण राहत होतं, सरकारने घेतल्यावर शेजाऱ्यांनी केस का टाकली. गुगल केलं तर २०१५ च्या उद्घाटनाच्या बातम्याच पानंच्या पानं येतात, त्याच्या आधीचं काही नाही. तिकडे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा ना. पुतळे, पार्टी वगैरे वाद नकोत प्लीज, बाबा पण वाचणार आहेत.

चॉकफार्मचा_भाडेकरू:
काकांना आधी नमस्कार सांग. मी त्या भागात बरीच वर्षं भाड्याने राहिलोय त्यामुळे परिसराचं सांगू शकतो.

ती सगळी जमीन एटन कॉलेजची, म्हणजे ती श्रीमंतांच्या पोरांची शाळा, सहाव्या हेन्री राजाने १४४० मध्ये काढलेली, म्हणून रस्त्याचं नाव किंग हेन्रीज रोड आणि आजूबाजूला एटन अव्हेन्यू, फेलोज रोड, प्रोव्होस्ट रोड अशी सगळी शाळेचीच नावं. शेकडो वर्षं तिथे नुसती शेतं होती. मग लंडन पसरायला लागलं तसं शाळेने १८२६ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घेतला की आम्हाला ही जमीन बिल्डरांना ९९ वर्षांच्या लीजवर देता येऊ दे. गंमत म्हणजे तेवढ्यात लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे तिथूनच जाणार असं ठरलं, तर एटनवाले म्हणाले की आमच्या जमिनीवरून उघडी लाईन नको, उद्या घरं कोण घेईल, बोगदा काढा. म्हणून प्रिमरोझ हिलचा बोगदा झाला, १८३७ मध्ये त्यातून गाड्या सुरू झाल्या, आणि त्याचं तोंड बघ कसं देवडीसारखं दगडी सजवलेलं आहे, कारण उंची वस्तीची शोभा जायला नको. किंग हेन्रीज रोड त्या लाईनला जवळजवळ चिकटूनच जातो. रात्री गाड्यांचा आवाज येतो, पण भाडं परवडत नाही ते त्यामुळे कमी होत नाही हा माझा अनुभव.

घरं उभी राहिली ती १८५० नंतरच्या काळात, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात. ती कुणासाठी, तर वकील, व्यापारी, वरच्या हुद्द्याचे कारकून, अशा कुटुंबांसाठी. अरुंद आणि उभं घर, खाली तळघरात स्वयंपाकघर आणि कोळसा, मधल्या मजल्यांवर मालक मंडळी, वर पोटमाळ्यात मोलकरणी. अख्खा दिवस कुणीतरी जिन्यावरून गरम पाणी नाहीतर कोळशाची बादली घेऊन वर-खाली करतंय तेव्हा ते घर चालायचं. इथेच पुढची गोष्ट सुरू होते. नोकर महाग झाले, पैसेवाले अजून लांबच्या हवेशीर उपनगरांत गेले, आणि पहिलं महायुद्ध झाल्यावर पोरी फॅक्टरीत आणि ऑफिसात कामाला लागल्या त्या परत मोलकरीण व्हायला काही आल्या नाहीत. मग अशा भल्यामोठ्या घरांचं करायचं काय, तर खोल्या भाड्याने द्यायच्या. सगळ्या लंडनभर अशा घरांच्या बोर्डिंग झाल्या, एखादी घरमालकीण, तिचा नाश्ता, तिचे नियम, आणि खोलीखोलीत विद्यार्थी, कारकून, एकटे लोक.

बाबासाहेब असेच बोर्डर म्हणून आले. पूर्ण घर वगैरे नाही. १९१७ ला बडोद्याच्या स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धं टाकून परत जावं लागलं होतं, मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये परत लंडन. म्हणजे एकेक शिलिंग मोजून राहणं. नाश्त्याला नावापुरता पाव आणि चहा, आणि रात्री वाचताना भूक लागली की कुणीतरी दिलेले पापड, असं चरित्रांमध्ये आलंय. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत. मला नेहमी वाटतं की पन्नास वर्षं आधी या रस्त्यावर मुंबईच्या एका विद्यार्थ्याला पुढच्या दाराने कुणी घेतलं नसतं. वस्तीचा भाव उतरला होता म्हणून ती खोली त्यांच्या आवाक्यात आली. आणि या लंडनच्या अभ्यासातूनच १९२१ ला एम.एस्सी., मग बॅरिस्टर, १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी.

परळचा_गण्या:
सगळं मान्य पण एक विचारू का, एका वर्षाच्या भाड्याच्या खोलीसाठी आपल्या सरकारने तीस-पस्तीस कोटी घातले. परळच्या बीआयटी चाळीत साहेब वीस वर्षं संसार करून राहिले, तिथूनच अमेरिकेला गेले, लंडनला गेले, परत आले, चळवळ उभी केली. माझी आत्या त्याच चाळींत राहायची, जिने हलायचे. लंडनला किती लोक जाणार आणि परळला किती. मला त्या घराबद्दल राग नाही, हिशोबाबद्दल आहे.

नागपूरची_पोर:
गण्यादादा, बाबा म्हणतायत की तुमचं बरोबर आहे पण दोन्ही करावं, एक केलं म्हणून दुसरं सोडू नये. आणि परळला ते जाऊन आलेत, दादरचं राजगृहही बघून झालंय, हे एकच राहिलंय 🙏
@चॉकफार्मचा_भाडेकरू भारीच माहिती, पण मधली वर्षं? १९२२ ते २०१५?

चॉकफार्मचा_भाडेकरू:
त्या नेमक्या दाराआड कोण कोण होतं त्याच्या नावांसाठी कागद बघावे लागतील. पण त्या रस्त्याचं काय होत होतं ते सांगतो. ९९ वर्षांच्या लीज १९५०-६० च्या सुमाराला संपायला लागल्या. लीज संपत आली की कुणी छपरावर खर्च करत नाही, आपल्याकडच्या पागडीच्या बिल्डिंगीसारखं, त्यात युद्धात बॉम्ब पडलेले, त्यामुळे पुष्कळ घरं म्हणजे एकेका खोलीत गॅसची शेगडी आणि बेसिन अशी झाली होती. मग कौन्सिलने (म्हणजे इथली नगरपालिका) आणि एटनने मिळून एरियाचा बराच भाग पाडला. शेजारच्या अ‍ॅडलेड रोडवरची व्हिक्टोरियन घरं गेली आणि १९६० च्या दशकात तिथे चॅल्कॉट्सचे ते उंच टॉवर आले, ग्रेनफेल या लंडनमधल्याच उंच इमारतीच्या आगीनंतर २०१७ मध्ये रातोरात रिकामे केले होते ते हेच. त्यामुळे दहा नंबर उभं राहिलं हाच मोठा योग. १९६७ च्या कायद्याने लीजवाल्यांना घराची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला, मग लोकांनी स्वतःचं म्हणून डागडुजी केली, सत्तर-ऐंशीनंतर नट, पत्रकार, बँकवाले आले, खोल्यांच्या भिंती पाडून परत एका कुटुंबाचं घर केलं. आणि आज तिथे साधं घर घ्यायचं तर मिलियनच्या खाली बात नाही.

फायलीतला_माणूस:
मी इथे एका कौन्सिलच्या प्लॅनिंगमध्ये आहे (कॅमडेन नव्हे, म्हणजे ते घर ज्यांच्या हद्दीत आहे ते नव्हे), त्यामुळे केसबद्दल थोडं, कारण भारतात बातम्या फार उलटसुलट आल्या.

घर विकायला निघालंय हे इथल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या फेडरेशनने २०१४ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या कानावर घातलं, त्यांनीच पाठपुरावा केला, आणि २०१५ मध्ये सुमारे ३१ लाख पौंडांना सौदा झाला. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते उद्घाटन, मुख्यमंत्री फडणवीस हजर. म्हणजे मालक बदलला, ठीक. पण इथे मालक बदलणं वेगळं आणि वापर बदलणं वेगळं. घर घ्यायला कौन्सिलला कुणी विचारत नाही, तुम्ही राजे आहात की राज्य सरकार त्याच्याशी त्यांना घेणं नाही. पण "राहतं घर" या वर्गातली इमारत "म्युझियम" या वर्गात न्यायची तर आधी परवानगी. तेव्हाच्या नियमांत राहतं घर म्हणजे सी३ आणि म्युझियम म्हणजे डी१. ती परवानगी न घेताच म्युझियम सुरू झालं.

मग दोन शेजाऱ्यांनी तक्रार केली, गर्दी होते, बस भरून लोक येतात, आवाज. कौन्सिलने बघितलं तर परवानगीच नाही. २०१८ मध्ये मागाहून अर्ज केला, तो त्याच वर्षी नाकारला. कारण काय दिलं तर राहण्याची जागा कमी होते. हे नीट वाचा, "बाबासाहेब कोण" असा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. लंडनमध्ये घरांची इतकी बोंब आहे की एक राहतं घर जरी दुसऱ्या वापरात गेलं तरी कौन्सिलच्या पॉलिसीत बसत नाही, मग तिथे दाताचा दवाखाना काढा नाहीतर स्मारक. त्यावर महाराष्ट्र सरकारने अपील केलं, ते हरलं असतं तर परत राहतं घर करावं लागलं असतं. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, दोन्हीकडून वकील, साक्षी, आणि निर्णय खालच्या अधिकाऱ्याकडे न ठेवता गृहनिर्माण खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी स्वतःकडे घेतला. मार्च २०२० मध्ये त्यांनी परवानगी दिली. थोडक्यात एक घर कमी होतंय खरं, पण या जागेचं मोल त्याहून जास्त धरलं. आणि नशीब बघा, त्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं, सगळं लंडनच बंद.

माझं मत विचाराल तर निकाल योग्य झाला, पण आपल्या लोकांनी पहिल्याच दिवशी फॉर्म भरला असता तर ही सगळी धावपळ आणि वकिलांची बिलं वाचली असती. उद्घाटनाची तारीख आधी आणि कागद नंतर, ही आपली जुनी सवय.

परळचा_गण्या:
"पॉलिसीत बसत नाही" वगैरे ठीक आहे साहेब, पण त्या रस्त्यावर एखाद्या गोऱ्या लेखकाचं म्युझियम असतं तर तक्रार झाली असती का ते सांगा.

फायलीतला_माणूस:
झाली असती हो. इथे लोक शेजाऱ्याच्या झाडाच्या फांदीवरून तक्रार करतात. मनात काय होतं ते मला दिसत नाही, फाइलीत काय होतं तेवढं सांगतोय. आणि एक लक्षात घ्या, मागाहून अर्ज करणं हा इथे गुन्हा नाही, नेहमीचं आहे. दहा वर्षं कुणी कारवाई केली नाही तर बिनपरवाना वापरही आपोआप पक्का होतो. इथे तीन वर्षांतच उजेडात आलं.

हायगेट_रिटर्न:
घरांच्या नशिबाचा विषय निघालाच आहे तर दोन मराठी पत्ते अजून टाकतो, वाद नको, फक्त इमारतींबद्दल बोलतोय.

एक हायगेटचं ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू. व्हिक्टोरियन काळातलंच लाल विटांचं मोठं घर. श्यामजी कृष्णवर्मांनी विकत घेऊन विद्यार्थ्यांचं वसतिगृह केलं, १ जुलै १९०५ ला उद्घाटन, दादाभाई नौरोजी, मादाम कामा वगैरे हजर, नाव इंडिया हाऊस. सावरकर १९०६ मध्ये लंडनला आले ते तिथेच राहिले. वरती खोल्या, खाली सभा, आणि बाहेर पोलिसांचे हेर. १९०७ मध्ये श्यामजी पॅरिसला निघून गेले, १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या आणि त्यानंतर ते वसतिगृह बंदच पडलं, घर विकलं गेलं. चार-पाच वर्षांचा सगळा खेळ. पुढे ते परत लोकांची राहती घरं झालं आणि आजही तिथे लोक राहतात. १९८५ मध्ये लावलेली सावरकरांच्या नावाची निळी पाटी बाहेर आहे, ती फूटपाथवरून बघायची, बेल वाजवायची नाही, मी लोकांना वाजवताना पाहिलंय आणि लाज वाटली. आत काय होतं ते बघायचं तर उलट कच्छमध्ये मांडवीला जा, तिथे २०१० मध्ये त्या घराची हुबेहूब प्रतिकृती बांधली आहे. (ऑल्डविचला भारताच्या हाय कमिशनची इमारत आहे तीही इंडिया हाऊसच, पण ती १९३० ची, वेगळी. टॅक्सीवाला तिथेच सोडतो.)

दुसरं मेडा व्हेलजवळचं १०, हाऊली प्लेस. चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक आले होते तेव्हा, १९१८-१९ मध्ये तिथे राहिले. खटला हरले, खर्चाने कंबरडं मोडलं. १९६१ पासून पाटी आहे. तेही खाजगीच घर.

म्हणजे तिघांपैकी दाराच्या आत पाऊल टाकता येतं ते फक्त किंग हेन्रीज रोडला. गण्या, तुझ्या हिशोबात हेही धर.

परळचा_गण्या:
धरतो. पण चाळ सोडत नाही 😄

जुन्या_वह्या:
मला जुन्या घरांचे कागद उकरायचा नाद आहे (नवरा म्हणतो रोग आहे), म्हणून नावं कशी शोधायची ते सांगते, काका शिक्षक आहेत तर त्यांना आवडेल, आणि हे घरबसल्या नागपूरहून होतं.

सगळ्यात आधी जनगणना. इंग्लंडमध्ये १८४१ पासून दर दहा वर्षांची घरटी यादी आहे आणि शंभर वर्षांनी ती लोकांसाठी उघडते. पत्ता टाकून बघायचं, घरात कोण, नातं काय, वय, धंदा, जन्म कुठला. एकाच दाराची १८७१, १८८१, ९१, १९०१, ११ अशी पानं शेजारी ठेवली की चॉकफार्मवाले दादा म्हणतायत तो बदल डोळ्यांनी दिसतो, आधी कुटुंबप्रमुख, बायको, पोरं आणि दोन-तीन मोलकरणी, आणि मग हळूहळू "बोर्डर", "बोर्डर", "बोर्डर". तुमच्यासाठी महत्त्वाची ती १९ जून १९२१ ची, जानेवारी २०२२ मध्ये उघडली, फाइंडमायपास्ट या वेबसाईटवर आहे, पैसे पडतात. त्या रात्री त्या घरात कोण झोपलं होतं ते त्यात आहे, घरमालकिणीसकट. तिथे स्वतः पान उघडून बघा, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

त्यानंतर मोठं भगदाड. १९३१ ची जनगणना आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मधे फक्त १९३९ चं रजिस्टर, ते युद्ध सुरू झाल्यावर ओळखपत्रांसाठी घाईने केलेलं. त्याच्या पुढे मतदार याद्या आणि जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या, गल्लीनिहाय असतात, म्हणजे सरळ किंग हेन्रीज रोड काढायचा आणि १० वर बोट ठेवायचं. या कॅमडेनच्या स्थानिक अभिलेखागारात आहेत, हॉबर्नच्या लायब्ररीत, आधी वेळ घेऊन जा. बॉम्ब कुठे पडले त्याचे रंगवलेले नकाशे पण आहेत, जांभळा म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे, काळा म्हणजे संपलंच.

मालकांसाठी लँड रजिस्ट्री, सात पौंडांत सध्याच्या मालकाचा उतारा मिळतो, आपल्या सातबाऱ्यासारखाच पण तलाठ्याकडे न जाता. १९९५ पासूनचे विक्रीचे भाव तर फुकट दिसतात. आणि कॅमडेनच्या साईटवर प्लॅनिंगची फाइल आहे, अर्ज, नकाशे, शेजाऱ्यांची पत्रं, सगळं. फायलीतले दादा सांगतीलच, पण कोणत्या मजल्यावर काय होतं ते कळायला त्या नकाशांसारखं दुसरं काही नाही.

एकच विनंती, अलीकडच्या मालकांची नावं सापडली तरी इथे टाकू नका, जिवंत माणसं आहेत ती.

नागपूरची_पोर:
अरे देवा, बाबांनी कालच फाइंडमायपास्टचं खातं काढायला लावलं माझ्या कार्डवर. त्यांना विक्रीचे भाव बघण्यात काही इंटरेस्ट नाही, त्यांना ती घरमालकीण शोधायची आहे. म्हणतात तिने यांना खोली दिली, तिचं नाव तरी कळू दे.
जाण्याबद्दल काही टिप्स?

चॉकफार्मचा_भाडेकरू:
नॉर्दर्न लाईनने चॉक फार्म स्टेशन, एजवेअरकडे जाणारी गाडी पकड, तिथून चालत. त्या स्टेशनला लिफ्ट आहेत पण बाबांच्या गुडघ्यांचं बघून बाकीचा रस्ता ठरव, म्युझियमचं घर अरुंद आहे आणि जिने व्हिक्टोरियनच आहेत. जायच्या आधी उघडायच्या वेळा बघूनच निघा, सुट्टीच्या दिवशी बंद दाराचा फोटो काढून परत आलेले लोक ओळखीचे आहेत माझ्या. बाहेर निळी पाटी, त्यावर १९२१-२२. आत एक खोली त्यांच्या काळातली वाटेल अशी लावलीय, खाटेजवळ पुस्तकं, चष्मा, ती सजावट आहे हे लक्षात ठेवून बघायची, पण आमच्या ग्रुपमधले दोघं तिथे बराच वेळ नुसते उभे राहिले होते.

मग रेल्वेचा पूल ओलांडून रीजेंट्स पार्क रोडला जा, १२२ नंबरला एंगेल्स राहायचा, चोवीस वर्षं, त्याचीही पाटी आहे. काका शिक्षक म्हणजे त्यांना चालेल. तिथून प्रिमरोझ हिलवर चढ, जून असेल तर डबा घेऊन जा, सगळं लंडन समोर दिसतं. दुसऱ्या दिवशी हॉबर्नला उतरून एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तिथे बाबासाहेब शिकले) आणि ग्रेज इन (जिथून ते बॅरिस्टर झाले) दोन्ही पायी होतात, एलएसईत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, रिसेप्शनला सांगितलं की साधारण आत सोडतात.

फायलीतला_माणूस:
आणि त्या रस्त्यावर ग्रुपने असाल तर आवाज जरा कमी ठेवा हो, परवानगी अटींसकट मिळालेली आहे 😅

परळचा_गण्या:
काकांना सांगा घरमालकिणीचं नाव सापडलं तर इथे नक्की टाका, शंभर वर्षं झाली, तिला काही अडचण नसावी. जय भीम.